चित्रातली वाफ पांढरी नको

मा. संपादक,

महोदय,

वाचनालयांसाठी मुलांची विज्ञान-चित्रपुस्तके घेताना कागद, रंग आणि किंमत पाहिली जाते. चित्र बरोबर आहे का, हे क्वचितच कोणी तपासते.

पदार्थाच्या अवस्थांचे पान उघडा. स्थायूचे ठिपके चिकटलेले, द्रवाचे विरळ, वायूचे आणखी विरळ, अशी चढती भाजणी बहुधा दिसेल. ती चूक आहे. द्रवातले कणही जवळजवळ खेटूनच असतात, फक्त जागा बदलत राहतात. बिनसुईच्या सिरिंजमध्ये पाणी भरून तोंड बोटाने बंद केले तर दट्ट्या हलत नाही; हवा भरली तर सहज दबतो. खरी उडी पुढे आहे: १ लिटर पाण्याची १०० अंशांना वाफ झाली की तिला सुमारे १,६०० लिटर जागा लागते. त्यातून ठिपक्यांच्या मधे निळा रंग भरला असेल तर कण पाण्यात पोहतात, असाच मुलाचा समज होणार!

किटलीतून निघणारा पांढरा लोट वाफ म्हणून दाखवतात. वाफ दिसत नाही. तोटीलगत मोकळी वाटते ती जागा वाफेची. पांढरे दिसतात ते थंड होऊन पुन्हा पाणी झालेले बारीक थेंब. बर्फ घातलेल्या ग्लासाबाहेरचे पाणी काचेतून झिरपले, हा समज मोडायला आत चमचाभर कोकमाचे आगळ घालावे. बाहेरचे थेंब बिनरंगाचेच येतात.

स्थायू-द्रवासाठी आपल्याकडे खोबरेल उत्तम. साधारण २४-२५ अंशांखाली ते थिजते, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतली पहाट पुरते.

बाष्पीभवनासाठी हिमशिखरे कशाला, गोव्यातल्या आगरवाड्याचे मिठागर काढा. २०० मिली पाण्यात ७ ग्रॅम मीठ, म्हणजे जवळपास समुद्राइतकाच खारटपणा. ते पसरट ताटात उन्हात ठेवावे. खोल पेल्यात आठवडे जातात. गॅसवर आटवले तर मीठ तडतडून उडते आणि भुकटी उरते. सावकाश वाळले तर चौकोनी स्फटिक भिंगाशिवायही दिसतात.

मात्र जुलैत गोव्याच्या दमट हवेत हे ताट वाळतच नाही, उलट कोरडे मीठही पाझरते. पुस्तकात याचा उल्लेख नसतो आणि प्रयोग फसला की मुले स्वतःला दोष देतात. प्रकाशकांनी अशा पानावर ‘जानेवारी ते एप्रिल’ एवढे तरी छापावे.

आपला,
एक विज्ञान शिक्षक, फोंडा