आकस, अढी आणि सल उलगडून दिल्याबद्दल

नागपूर

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

हिंदी कागदपत्रं मराठीत आणणाऱ्या आम्हा मंडळींना आपण मनातल्या कडवटपणाचे शब्द एकेक करून उलगडून दिलेत. मुद्रितशोधनातली आपली सगळी शिदोरी मोकळी केलीत. त्याबद्दल हे जाहीर आभार.

नागपूर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी. हिंदी इथे मराठीच्या मांडीला मांडी लावून बसलेली. म्हणून 'रिश्तों में खटास'चा 'नात्यात आंबटपणा' होतो; तिथे हवी 'कटुता'. 'पुरानी रंजिश' म्हणजे सरळ 'पूर्ववैमनस्य', आणि ते 'वैमन्यस्य' असं लिहायचं नाही. 'मलाल'चा तर 'राग' केला जातो. त्यात राग नसतोच, खंत असते.

सर्वांत उपयोगी पडली ती आपली कसोटी: शब्दाच्या अलीकडे काय येतं ते आधी पाहा. आकसाला आणि डुखाला समोर माणूस लागतो: 'तिच्याविषयी आकस', 'त्याच्यावर डूख'. तेढ आणि वितुष्ट दोन बाजू मागतात: 'दोन गटांत तेढ', 'भावाभावांत वितुष्ट आलं'. वितुष्ट येण्याआधी नातं बरं असावं लागतं. तेढीला तशी अट नाही. सल मात्र कुणावर धरता येत नाही. 'वाटणीच्या वेळी मला विचारलं नाही, याचा सल आहे' या वाक्यात कुणाचं वाईट चिंतलेलं नाही. तिथे 'आकस' घातला की बोलणाऱ्या बाईच्या दुःखाला सूडबुद्धी चिकटते, आणि जबाबाच्या कागदावर ती चिकटली की पुढे प्रत्येक वाचणारा तिच्याकडे त्याच नजरेने पाहतो. एवढ्या एका भेदासाठीही आम्ही आपले ऋणी आहोत.

'आकस' आला की हेतूवर बोट ठेवलं जातं. 'आकसापोटी बदली केली' म्हणजे कारण प्रशासकीय नाही, वैयक्तिक आहे, असा थेट आरोप. मूळ मजकुरात तो नसेल तर 'नाराजीतून' एवढंच लिहावं. अढी त्याहून सौम्य. ती मनात बसते, कृतीत उतरेलच असं नाही, आणि तिला कारणही लागत नाही: 'उगीच अढी धरली' म्हणता येतं, 'उगीच सल' कानाला खटकतं.

डूख नागाचा. दुखावणाऱ्याला नाग विसरत नाही, या लोकसमजुतीतून तो माणसाला लागला. म्हणून त्यात संधीची वाट पाहणं आहे. तात्पुरत्या रुसव्याला तो शब्द फार जड. आणि सामान्यरूपात 'डू' ऱ्हस्व होतो: दूध-दुधाने, तसं डूख-डुखाने.

'हेवा', 'मत्सर' आणि 'असूया' यांच्या नोंदी अजून कच्च्या आहेत. त्या टंकून सोबत पाठवत आहोत. नेहमीसारख्या सवडीने तपासून द्याव्यात, ही विनंती.

आपले,
नागपुरातील काही अनुवादक