४१४१ म्हणजे दादा? परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : पसंतीचा वाहन क्रमांक घेऊन नंबर प्लेटवरील आकडे बिघडवणाऱ्यांचा तो क्रमांक काढून घेण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

मी साताऱ्यात राहणारा निवृत्त मुद्रितशोधक आहे. छपाईतल्या चुका हुडकण्यात हयात गेल्यामुळे डोळ्यांना स्वस्थ बसवत नाही, आणि आता समोर प्रुफे येत नसल्यामुळे रस्त्यावरच्या गाड्यांच्या नंबर प्लेटा वाचत बसतो. नात शाळेतून आली की तीही गॅलरीत येऊन बसते. एमएच ११ म्हणजे आपला सातारा, ५० म्हणजे कराड, ०९ कोल्हापूर, १२ पुणे, हे तिला पाढ्यांच्या आधी पाठ झाले. पुढची पायरी चार आकड्यांचा अर्थ लावण्याची. २५१२ ही बहुधा कुणाची तरी जन्मतारीख असावी. ४५२७ ची बेरीज अठरा आणि अठराची नऊ, म्हणजे गाडी घेताना ज्योतिषाला विचारलेले दिसते. एकाच घरातल्या दुचाकीचा, ट्रॅक्टरचा आणि चारचाकीचा क्रमांक एकच असला, तर पहिल्या गाडीने त्या घराला यश दिले असे समजावे.

खरी गंमत आकड्यांतून अक्षरे काढण्यात आहे. (येथे आकडे देवनागरीत छापले आहेत, वाचकांनी ते इंग्रजी वळणाचे कल्पावेत.) इंग्रजी दोनला वरून रेघ दिली की र होतो, एक म्हणजे आयता काना, नऊ म्हणजे व. चाराचे तर विचारूच नका. तोच चार ४९१२ मध्ये पवारांचा प होतो, २१४ मध्ये रामाचा म होतो आणि ४१४१ मध्ये दादांचा द होतो. ८०५५ मध्ये इंग्रजी ‘बॉस’ दिसतो, तो पाहायला तर शिरोरेषाही लागत नाही. ज्याने कुणी हे पहिल्यांदा शोधून काढले असेल, त्याच्या नजरेला मी मुद्रितशोधक म्हणून दाद देतो. त्यामुळे हे पत्र हौसेविरुद्ध लिहिलेले आहे असा कृपया समज करून घेऊ नये.

गेल्या पावसाळ्यात, सकाळी साडेसहाच्या सुमारास, आमच्या कोपऱ्यावर एका मोटारीने दुधाच्या फेरीवर निघालेल्या स्कूटरला मागून धडक दिली आणि ती न थांबता निघून गेली. दोन्ही कॅन कलंडले, दूध गटाराच्या दिशेने वाहू लागले आणि दूधवाला पाय धरून रस्त्यातच बसला. मी गॅलरीतच उभा होतो. गाडीची मागची पाटी मला लख्ख दिसली : काळ्या चकचकीत पट्टीवर चंदेरी रंगात, शिरोरेषेसह, ठसठशीत ‘दादा’. त्याच्या वर, नखाएवढ्या टायपात, एमएच ११ सारखा जिल्ह्याचा भाग आणि चार आकड्यांआधीची मालिकेची अक्षरे असावीत. ती मला वाचता आली नाहीत. चौकीत जाऊन मी जे पाहिले ते सांगितले. हवालदाराने लिहिता लिहिता पेन थांबवले आणि म्हणाला, “काका, नाव नको, नंबर सांगा.”

मी ‘दादा’चे ४१४१ करून दिले. त्याचा उपयोग झाला नाही आणि होणारही नव्हता, कारण प्रत्येक मालिकेत क्रमांक १ पासून ९९९९ पर्यंत जातात आणि मालिका संपली की पुढची अक्षरे घेऊन पुन्हा १ पासून सुरू होतात. म्हणजे एकेका कार्यालयाने जितक्या मालिका उघडल्या, तितके ४१४१ त्याच्या दप्तरी असू शकतात. त्यांतला नेमका कोणता, हे फक्त ती बारीक अक्षरेच सांगू शकतात. क्रमांकातला जो भाग गाडी ओळखायला सर्वांत उपयोगी, तोच या पाट्यांवर सर्वांत लहान केलेला असतो, आणि ते अजाणता होते असे मला वाटत नाही. दूधवाल्याच्या घोट्याला सहा आठवडे प्लास्टर होते. गाडी सापडली नाही.

नियम स्पष्ट आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ५० आणि ५१ प्रमाणे अक्षरे इंग्रजी आणि आकडे आंतरराष्ट्रीय वळणाचे हवेत, आणि मोटारीवर त्यांची उंची ६५ मिलिमीटर, जाडी १० मिलिमीटर आणि मधले अंतर १० मिलिमीटर असले पाहिजे. (पाटी मराठीत असावी असे मलाही वाटते, पण तो प्रश्न दिल्लीला विचारायचा आहे, प्रत्येकाने आपापल्या बंपरवर सोडवायचा नाही.) १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी सक्तीची झाली आणि जुन्या गाड्यांसाठी आपल्या खात्याने वारंवार मुदतवाढ दिली. त्या पाटीचे उठावाचे आकडे वाकवता येत नाहीत, हे खरे. मात्र वरून फ्रेम बसवणे, गडद अ‍ॅक्रिलिक लावणे, किंवा मागे सरकारी पाटी ठेवून पुढे रेडियमवाल्याची कलाकुसर मिरवणे, हे सगळे आमच्या गॅलरीतून रोज दिसते.

आता आपल्या अखत्यारीतल्या गोष्टीकडे येतो. पसंतीचे क्रमांक राज्य शासन शुल्क घेऊन देते, आणि एकाच क्रमांकावर अनेकांचा डोळा असला तर लिलावही होतो. ऑगस्ट २०२४ अखेरच्या वाढीनंतर चारचाकीच्या ०००१ या क्रमांकाचे शुल्क ५ लाख रुपये झाले, मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी ६ लाख. शासनाला महसूल मिळतो, घेणाऱ्याला समाधान मिळते. त्यात मला वावगे काही दिसत नाही. पण तोच क्रमांक वेडावाकडा लिहिल्याचा दंड पहिल्यांदा ५०० रुपये आणि पुन्हा सापडल्यास १५०० रुपये आहे. ज्याने नुसत्या आकड्यासाठी लाखाच्या घरात रक्कम मोजली, त्याला ५०० रुपयांची पावती म्हणजे पार्किंगचे भाडे. त्याला धाक वाटेल अशी एकच गोष्ट आपल्या हाती आहे, आणि ती म्हणजे तो क्रमांक.

म्हणून माझी मागणी अशी की, पसंतीचा क्रमांक देतानाच अर्जदाराकडून पाटी विहित नमुन्यातच ठेवण्याचे हमीपत्र घ्यावे. पहिल्या उल्लंघनाला दंडाबरोबर पाटी पंधरा दिवसांत दुरुस्त करून दाखवण्याची नोटीस द्यावी. आणि दुसऱ्यांदा तेच आढळल्यास पसंतीचा क्रमांक रद्द करून, भरलेले शुल्क परत न करता, चालू मालिकेतला ओळीने येणारा क्रमांक त्या गाडीला द्यावा. यासाठी राज्याच्या नियमांत कोणती दुरुस्ती लागेल, ते आपले विधी अधिकारी सांगतील. हौसेचे यात काही बिघडत नाही. विहित ठशातले ४१४१ सुद्धा ज्याला वाचायचे तो ‘दादा’ असेच वाचतो. माझी नऊ वर्षांची नात वाचते. तिला शिरोरेषा लागत नाही, आणि हवालदाराला नंबर मिळतो.

शेवटी एक विनंती. अंमलबजावणीची सुरुवात महाविद्यालयांबाहेरच्या दुचाकींपासून करण्याचा प्रघात आहे. या वेळी ती एखाद्या उद्घाटनाच्या किंवा सत्काराच्या कार्यक्रमाबाहेर लागलेल्या मोठ्या गाड्यांपासून व्हावी. आपण साताऱ्यात याल तेव्हा कार्यक्रम संपेपर्यंत त्या रांगेतल्या पाट्या मोजून ठेवण्याचे काम मी आणि माझी नात विनामोबदला करू.

आपला नम्र,
एक निवृत्त मुद्रितशोधक, सातारा