दीड मीटर

प्रिय विन्या,

आधी मनसोक्त शिव्या घालून घे, मग वाच. आठ महिने झाले. मध्ये दोनदा फोन झाला, पण त्याला काय बोलणं म्हणतात? 'बराय ना?' 'बराय.' पत्र लिहितोय ते एवढ्यासाठीच की फोनवर मेट्रोचा विषय काढला की तुला लगेच दारावरची बेल ऐकू येते. कागद हातात असला की कुठे पळशील?

माझी तब्येत ठीक. बीपीची गोळी अर्धीची पाऊण झाली. पुढे.

परवा स्टेशनात माझी मेट्रो थांबायच्या खुणेच्या दीड मीटर पुढे गेली.

हसलास ना? हस. जगात हे वाक्य वाचून हसायचा अधिकार फक्त तुला आहे. दुपारची शिफ्ट, तिसरी फेरी, आणि गाडी आपोआप चालवणाऱ्या एटीओनं मान टाकली. कंट्रोलरशी बोललो, मॅन्युअलची परवानगी मिळाली. एटीपी चालू होतं, म्हणजे वेगावर यंत्राचा डोळा होता. गाडी ओढायची आणि थांबवायची एवढंच माझ्याकडे. पहिलं स्टेशन नीट गेलं. दुसऱ्याला मी ब्रेक धरला, आणि त्याच क्षणी कळलं की उशिरा धरलाय. तुला माहितीये ते कळणं. पोटात आधी कळतं, हाताला नंतर. स्टॉप बोर्ड खिडकीच्या मागे सरकला. गाडीची दारं एकीकडे, प्लॅटफॉर्मची काचेची दारं दुसरीकडे, आणि आत गाडीभर माणसं काचेला नाक लावून. कंट्रोलरला विचारून मागे घेतली. पाच-सहा मिनिटांचा उशीर, एक रिपोर्ट, विषय संपला. क्रू कंट्रोलर तर म्हणाला, 'होतं हो सर.'

होतं हो सर! मला! डेपोच्या टेस्ट ट्रॅकवर तू खडूनं रेघ ओढायचास आणि चालकाच्या कॅबच्या दाराची कड तिच्यावर आणून दाखवायची पैज लावायचास. अकरा वेळा हरलास. 'रेघ्या' हे नाव काय मी स्वतःहून घेतलं?

गंमत म्हणजे चूक झाली ते लागलं नाही एवढं. का झाली ते लागलं. आठवून पाहिलं, त्याआधी भरल्या गाडीनं हातानं स्टेशन कधी घेतलं होतं, तर आठवेना. सरावाच्या मॅन्युअल फेऱ्या असतात, पण आमच्याकडे त्या कमी कमी होत गेल्या. रोजचं काम काय उरलंय? दारं बंद, बटण, समोर बघत बसणं, दारं उघडी. आणि बोट दाखवून सिग्नल मोठ्यानं म्हणणं. ही जपान्यांची सवय मात्र हाडात मुरलीये; परवा घरातून निघताना गॅसकडे बोट दाखवून 'शेगडी बंद!' म्हणालो आणि ही पाहतच राहिली.

एटीओ आलं त्या दिवशी कँटीनमध्ये तू काय म्हणाला होतास? 'रेघ्या, आपण आता लिफ्टमन.' मी महिनाभर बोललो नाही तुझ्याशी. मला वाटलं होतं तू धंद्याचा अपमान केलास. आता वाटतं, लिफ्टमनसुद्धा बरा, त्याला मजला तरी निवडता यायचा.

असो. आता खरं सांगतो. मुक्ताचं सिलेक्शन झालंय. ट्रेन ऑपरेटर म्हणून. दोन महिने झाले ट्रेनिंग सुरू होऊन, आणि तुला सांगितलं नाही ते मुद्दामच. रागावू नकोस, किंवा रागाव, पण वाच.

डिप्लोमा झाल्यावर तिनं गुपचूप फॉर्म भरला. लेखी परीक्षा, मग ती सायको टेस्ट (ठिपके मोजा, बाण ओळखा, दिवा लागला की बटण दाबा), मग मेडिकल. रंगांधळेपणाच्या त्या ठिपक्यांच्या पाट्या आठवतात? तू प्रत्येक पाटीवर डॉक्टरलाच विचारलं होतंस की तुम्हाला किती दिसतायत. ती पहिल्या फटक्यात पास झाली. आता जनरल रूल्स तोंडपाठ करतेय, सिग्नलिंग झालं, गाडीतला कुठला एमसीबी पडला की काय बंद होतं ते मला जेवताना विचारते आणि मी चुकलो की खूश होते. सध्या सिम्युलेटर. मग डेपो, मग कोणाच्या तरी शेजारी उभं राहून लाइनवरचे तास, मग परीक्षा आणि सर्टिफिकेट. आपल्यासारखंच सगळं, फक्त आपल्याला सिम्युलेटर म्हणून जे मिळालं होतं तो व्हिडिओ गेम होता.

परवा रात्रीच तिनं विचारलं, 'बाबा, मी रिटायर होईपर्यंत कॅब राहील का?' तिचं वय बावीस. छत्तीस-सदतीस वर्षांचा प्रश्न तिनं मला चहाच्या कपासारखा हातात दिला.

मी बापासारखा भाषण द्यायला बसलो. म्हटलं, ही भीती आजची नाही. लंडनची व्हिक्टोरिया लाइन 1968 ला सुरू झाली तेव्हाच ऑटोमॅटिक होती. चालक दोन बटणं एकदम दाबायचा आणि गाडी पुढच्या स्टेशनावर आपोआप थांबायची. तिथं आजही माणूस बसतोच. फ्रान्समधल्या लीलला 1983 मध्ये चालकाशिवायची मेट्रो आली, तरी त्याच देशात पॅरिसमध्ये पुढची कित्येक वर्षं चालक भरती होत राहिले. पॅरिसची 1 नंबरची लाइन तर 1900 सालची; ती 2011-12 मध्ये चालू ठेवूनच बिनचालकाची केली आणि तिथले चालक दुसऱ्या लाइनींवर गेले. ती म्हणाली, 'आणि दुसऱ्या लाइनी संपल्या की?' 4 नंबरचीही झालीच आहे, हे मी तिला सांगितलं नाही. तिला ते माहीत होतं. दिल्लीत मॅजेंटा लाइनवर 2020 च्या डिसेंबरात बिनचालकाची गाडी निघाली तेव्हा ही शाळेतून येऊन मला बातमी दाखवायला धावली होती.

मग मी वॉशिंग्टन मेट्रोचा अपघात काढला. आपल्या वर्गात शिकवायचे बघ, 2009 चा जून. रुळावर गाडी आहे का ते ओळखणाऱ्या ट्रॅक सर्किटला पुढं उभी असलेली गाडीच दिसली नाही, यंत्रानं मागच्या गाडीला वेग दिला. नऊ माणसं गेली, त्यात मागच्या गाडीची चालकही. तिनं शेवटच्या क्षणी इमर्जन्सी ब्रेक मारला होता. त्यानंतर तिथं पंधरा वर्षं गाड्या हातानं चालवल्या. मी म्हटलं, बघ, शेवटी हातच. आणि हे म्हणताना माझे हात दीड मीटर चुकून आले होते, चार तासांपूर्वी.

तिला काय सांगू रे? नोकरी म्हणून वाईट नाही हे मलाही कळतं. ऑपरेटर, मग क्रू कंट्रोलर, इन्स्पेक्टर, इन्स्ट्रक्टर. डोकं चाललं तर ओसीसीत, म्हणजे मुख्य कंट्रोल रूममध्ये, ट्रॅफिक कंट्रोलर, आणि गाड्या कितीही शहाण्या झाल्या तरी ती खुर्ची रिकामी राहायची नाही. नव्या लाइनींवर कॅबच नसेल, पण गाडीत फिरणारा माणूस लागतोच, जो दार अडकलं की जाऊन बघतो आणि वेळ पडली तर पॅनल उघडून गाडी हातानं हलवतो. लंडनच्या डॉकलँड्स रेल्वेवर तर त्याला सुरुवातीला 'ट्रेन कॅप्टन' म्हणायचे. आपल्याला कोणी कॅप्टन म्हटलं असतं तर तू कॉलर शिवायला टाकली असतीस.

म्हणजे पोट भरेल. माझी काळजी ती नाही. सोपं ते सगळं यंत्रानं नेलंय. माणसाला उरलं काय, तर वाईट दिवस. पूर्वी शंभर साध्या फेऱ्यांमध्ये एक वाईट यायची, आणि त्या शंभरांनी हात तयार झालेला असायचा. हिच्या वाट्याला साध्या फेऱ्या येणारच नाहीत. नुसतं बसायचं, महिने, वर्षं, आणि मग एके सकाळी.

गेल्या आठवड्यात ती सिम्युलेटरवरून आली. म्हणाली, 'आज ट्रॅकवर माणूस टाकला सरांनी. मी लगेच इमर्जन्सी मारला. थांबली नाही.' साठच्या वेगाला शंभर मीटर जाणारच, गणितच आहे. सर म्हणाले, बरोबर केलंस, याहून लवकर कोणालाच जमलं नसतं. 'मग?' मी विचारलं. म्हणाली, 'मग त्यांनी रीसेट केलं.'

आणि मग वर न बघता, 'विनूकाकानं त्यामुळं नोकरी सोडली का?'

मी म्हटलं, त्याला कंटाळा आला होता. खोटं बोललो, विन्या. तुझ्या नावानं. आणि तिला ते कळलं.

तुझ्या वेळी रीसेट कसं झालं होतं तेही आठवलं. ब्रेथ टेस्ट, जबाब, एक समुपदेशक बाई ज्यांना कॅब म्हणजे टॅक्सी वाटली, आणि पाचव्या दिवशी रोस्टरवर तुझं नाव. आणि मी, मूर्ख, तुझ्या घरी येऊन म्हणालो, 'सगळे परत येतात, तूही येशील.' त्यावर तू जे बोललास ते मला लागलं म्हणून मी वर्षभर रुसलो. रुसायचा हक्क तुझा होता. हे तेव्हाच लिहायला हवं होतं.

तर मागणं असं आहे. मुक्ताला तुझा नंबर देऊ का? तिला घाबरव असं म्हणत नाही, आणि समजावही म्हणत नाही. ती नोकरी सोडणार नाही, बापावर गेलीये. पण त्या सकाळनंतर माणसाला नक्की काय काय होतं, रात्री काय होतं, कोणी काय बोललेलं चालतं आणि कोणी गप्प बसलेलं चालतं, हे तिला आधी कळायला हवं. मला ते माहीत नाही. इतकी वर्षं कॅबमध्ये काढून माझ्या गाडीपुढं कधी कोणी आलं नाही. तुला ते जमत नसेल तर नाही म्हण, मी परत विचारणार नाही. फक्त फोन उचलून नाही म्हण, बेल वाजली म्हणू नकोस. तिचा वीकली ऑफ बुधवारी असतो.

वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? ओंकारला नवीन नोकरीत सहा महिने होत आले असतील. आणि तुझं ते दुकान वाढवायचं चाललं होतं त्याचं काय झालं? सविस्तर लिही, मी एका ओळीत विचारलं म्हणून तू एका ओळीत उत्तर देऊ नकोस.

तुझा,
रेघ्या

ता. क. मागे घेतानाही रेघ चुकलीच. वीतभर. दारं उघडली म्हणून कोणाला कळलं नाही. हे मुक्ताला सांगितलंस तर याद राख.