छर्रा लागला की ‘लागला’ म्हणायचं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मूळचा साताऱ्याचा, गेली अकरा वर्षं इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ राहतो, तुमचा पेपर रोज सकाळी मोबाईलवर वाचतो आणि पत्र मात्र आयुष्यात पहिल्यांदाच लिहितोय, त्यामुळे लांबलं तर खुशाल कापा.

दिवाळीत घरी आलो होतो. ताईच्या सोसायटीत पोरांनी किल्ला केलेला, एकदम झकास, मोहरी पेरलेली, बुरूज, गुहा, सगळं. पण भाऊबीजेपर्यंत त्यांना त्याचा कंटाळा आला असणार, कारण खाली उतरून बघतो तर भाच्याच्या हातात प्लास्टिकचं पिस्तूल आणि पाच-सहा जणं मिळून तटावरचे मावळे छर्ऱ्यांनी पाडतायत. महाराजांवर कोणी नेम धरत नव्हतं, तेवढं भान होतं. पण पडलेले मावळे परत उभे करायला एक सात-आठ वर्षांचं पोरगं किल्ल्याच्या मागेच उकिडवं बसलेलं, डोळे बरोब्बर तटाच्या उंचीला. मी जो ओरडलो तसं सगळे माझ्याकडेच बघायला लागले, मामाला काय झालं म्हणून. भाऊजी म्हणाले, अरे खेळण्यातली आहे ती, दीडशे रुपयांची.

खेळण्यातलीच आहे, मान्य. पण फरशीवरचा एक पिवळा छर्रा उचलून बघितला तर तो ६ मिलीमीटरचा, म्हणजे ज्या मापाच्या छर्ऱ्यांनी मी इथे दर रविवारी खेळतो तोच. आमच्या खेळाला एअरसॉफ्ट म्हणतात. हा मुळात जपानचा, तिथे खऱ्या बंदुकांवर फार कडक निर्बंध, म्हणून सत्तरच्या दशकात हौशी लोकांनी हुबेहूब दिसणाऱ्या पण प्लास्टिकचे छर्रे मारणाऱ्या बंदुका काढल्या, मग १९९१ मध्ये टोकियो मारुई कंपनीनं बॅटरीवर चालणारी काढली आणि खेळ जगभर गेला. दोन टीम, एखादं रान किंवा बंद पडलेली फॅक्टरी, समोरच्याचा झेंडा आणायचा, छर्रा लागला की आउट. आपल्या डबा ऐसपैसचा थोरला भाऊ समजा. मी आधी नुसता खेळायचो, आता मार्शल म्हणून पण उभा राहतो, म्हणजे पंच आणि वॉचमन दोन्ही.

इथे सकाळी मैदानात शिरायच्या आधी प्रत्येकाची बंदूक क्रोनोवर धरतात, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजणारं मशीन. ०.२० ग्रॅमचा छर्रा, बऱ्याच ठिकाणी मर्यादा सेकंदाला ३५० फूट, म्हणजे साधारण १.१ जूल (जूल म्हणजे छर्ऱ्याच्या ताकदीचं माप). कायद्यात २०१७ पासून आकडाच घातलाय, ऑटोमॅटिकला १.३ जूल आणि एकेक गोळीवाल्याला २.५, त्याच्या वर गेलं की ते एअरसॉफ्ट राहतच नाही. यातही चलाखी करणारे असतातच. हलक्या छर्ऱ्यानं वेग पास करून घ्यायचा आणि आत जाऊन जड छर्रा भरायचा, काही गॅसच्या बंदुकांत त्यानं ताकद वाढते, किंवा हवेच्या टाकीवाल्या बंदुकीचं प्रेशर झाडामागे जाऊन वाढवायचं. म्हणून प्रेशरच्या नॉबला कुलूप लावून घेतात, आणि मधेच कुणालाही बोलावून परत मोजतात. लोक चिडतात. चिडू देत.

पण हे सगळं त्वचेसाठी झालं. डोळ्याला १ जूल पण खूप होतो. छर्रा डोळ्यावर बसला तर आत पुढच्या भागात रक्त साकळतं, मोतीबिंदू होऊ शकतो, आणि वरवर बरा झालेला डोळा काही वर्षांनी काचबिंदूनं जाऊ शकतो, तेव्हा त्या दिवाळीची कुणाला आठवण पण नसते. त्यामुळे आमच्याकडे गॉगलच्या बाबतीत दयामाया नाही. (आपल्याकडे गॉगल म्हटलं की उन्हातला काळा चष्मा. तो नाही आणि नंबरचा पण नाही, तो फुटून उलट काचच आत जाईल.) काचेवर मजबुतीचा शिक्का हवा, युरोपात ईएन १६६ आणि त्याच्यापुढे एफ किंवा बी हे अक्षर. आणि खरा प्रॉब्लेम म्हणजे वाफ. नोव्हेंबरचा पाऊस, माणूस पळून पळून घामाघूम, काच पांढरी होते, काही दिसत नाही, आणि हात आपोआप गॉगल वर करायला जातो. एकदा माझ्यासमोर चाळिशीतल्या समजूतदार माणसानं तेच केलं, झाडाला टेकून निवांत काच पुसत उभा, वीस पावलांवर गोळीबार चालू. शिट्टी मारून सगळा खेळ थांबवला, त्याला डोळे झाकून खाली बसायला लावलं आणि गॉगल चढल्यावर बाहेर काढलं. तो मला सॉरी म्हणत होता आणि माझे पाय लटपटत होते. बाहेर आल्यावर सेफ झोनमध्ये पण मॅगझिन काढायचं, जमिनीकडे एक-दोन रिकामे बार करून नळी मोकळी झाली बघायची, सेफ्टी लावायची, मगच चहा.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. पेंटबॉलमध्ये रंग लागतो, लपवता येत नाही. एअरसॉफ्टचा छर्रा काहीच खूण ठेवत नाही. लागला की आपणच हात वर करायचा, ‘हिट’ ओरडायचं आणि चालायला लागायचं, पंचाला बहुतेक वेळा दिसलेलं नसतंच. म्हणजे अख्खा खेळ माणसाच्या खरेपणावर चालतो. गल्लीत बॅटची कड लागली का नाही हे ज्याला माहिती असतं तोच आईशप्पथ घेऊन नाही म्हणतो ना, तसले नमुने इथे पण आहेत. इंग्लंड आहे म्हणून सगळे सभ्य असं काही नाही, जॅकेटवर टक् टक् आवाज येतोय आणि पठ्ठ्या पुढेच चाललाय. जपानी लोक अशाला झोंबी म्हणतात, मेला तरी चालतोच. आपल्याकडे रडीचा डाव खडी.

आणि यात नुसता रडेपणा नसतो. समोरचा मान्य करत नाही म्हटल्यावर मारणारा आधी एक छर्रा मारत होता तो दहा मारतो, मग अजून जवळ येऊन मारतो, मग मुद्दाम उघड्या मानेवर, तोंडावर, कारण तिथे लागलं की ओरडावंच लागतं. दात तुटतात ते असेच. म्हणून ‘लागला’ म्हणणं हे माझ्या लेखी गॉगलइतकंच सेफ्टीचं काम आहे. दुसऱ्याचा हिट आपण ओरडून सांगायचा नाही, मार्शलला सांगायचं, हा नियमही त्यासाठीच, नाहीतर भांडण लागलंच म्हणून समजा.

मी साधू नाही. दोन वर्षांपूर्वी एका पडक्या भिंतीमागून पळताना माझ्या कमरेच्या पाऊचवर टक् झालं, स्पष्ट ऐकू आलं, लागलं काहीच नाही, आणि झेंडा दहा पावलांवर. मी पळालो. वर ज्यानं मारलं होतं त्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराला मीच आउट केलं. त्यानं निमूट हात वर केला, हिट म्हणाला आणि माझ्या बाजूनं चालत गेला. जेवायच्या सुट्टीत त्याच्याकडे गेलो, म्हटलं तुझा आधी लागला होता. तो चिप्स खात होता, वर न बघता म्हणाला, माहितीये. बास, एवढंच. झेंड्याचे पॉइंट आमच्या टीमलाच राहिले.

इथे अशी खरी दिसणारी बंदूक विकत घ्यायला १८ वर्षं पूर्ण पाहिजेत, आणि २००६ च्या कायद्यामुळे तुम्ही खरंच खेळता हे दुकानदाराला दाखवावं लागतं, युकाराच्या, म्हणजे एअरसॉफ्ट विकणाऱ्या दुकानदारांच्या संघटनेच्या, यादीत यायचं तर किमान ५६ दिवसांच्या काळात कमीत कमी तीनदा खेळलेलं लागतं. रस्त्यानं नेताना बॅगेत बंद, नाहीतर खरे पोलीस येतात खऱ्या बंदुका घेऊन. आपल्याकडे एवढं करा असं मी म्हणत नाही. पण १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, मार्क सक्तीचा आहे, आणि भाच्याच्या पिस्तुलाच्या खोक्यावर मला तो कुठे सापडला नाही, ड्रॅगनचं चित्र मात्र दोन्ही बाजूंनी होतं. गाडीवाल्याला काय बोलणार, तो पोट भरतोय, घेताना आपण खोकं उलटं करून बघत नाही.

तुम्ही दिवाळीच्या आधी फटाक्यांच्या सूचना छापता, सुती कपडे घाला, पाण्याची बादली ठेवा वगैरे. त्यात पुढच्या वर्षी दोन ओळी छर्ऱ्याच्या बंदुकीच्या पण छापा एवढी विनंती. मजबूत काचेचा चष्मा जसा मारणाऱ्यानं लावायचा तसा समोरच्यानं पण, आणि मागे कोण बसलंय ते आधी बघायचं.

भाच्याकडे निघताना मजबूत काचेचे दोन चष्मे ठेवून आलो, एक त्याला आणि एक मावळे उभे करणाऱ्याला. परवा ताईचा मेसेज आला, त्यातला एक हरवलाय. सापडेपर्यंत पिस्तूल कपाटावर ठेव म्हणून सांगितलंय.

आपला,
एक वाचक, बर्मिंगहॅम (मूळ सातारा)