रेवाला हवा असलेला एक तास

सांगली,
बुधवार, रात्री साडेदहा

चि. सौ. अनू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास, तेव्हापासून तीनदा हे पत्र लिहायला घेतलं आणि तीनदा फाडलं. रेवा-ईशानला पार्कात एकटं फिरू द्यायचं तू म्हणालीस, त्यावर "तुला पोरं जड झालीत का?" हे माझ्या तोंडून जायला नको होतं. गेलं. तू उलट बोलली असतीस तर बरं वाटलं असतं. नुसतं "बाबा, ठेवते" म्हणालीस. तुझी आई तेव्हापासून वेळेवर चहा देते, पण माझ्याशी बोलत नाही.

म्हणून तो विषय आज काढत नाही. तुमच्या फ्लोरिडातल्या डिस्नेच्या ट्रिपबद्दलच लिहितो.

तू पाठवलेला तक्ता पुतण्या बाळूनं मोठ्या कागदावर छापून आणला. दोन दिवस जेवणाच्या टेबलावर पसरलेला आहे, आम्ही दोघं कडेला ताटं ठेवून जेवतो. एसटीत ३१ वर्षं मी ड्युट्या लावल्या. गाडी फलाटाला कधी लागेल, ड्रायव्हर-कंडक्टर कुठे बदलतील, एक फेरी रद्द झाली तर मागचे प्रवासी कशात बसवायचे. तुझा तक्ता तसाच आहे गं. चार पार्क, पाच दिवस, मध्ये एक दिवस मोकळा. अ‍ॅनिमल किंगडम भल्या सकाळी, ऊन चढायच्या आत जनावरं बाहेर दिसतात म्हणून. लायटनिंग लेनच्या, म्हणजे रांग टाळायच्या, जागा तीन दिवस आधी सकाळी सातला धरायच्या, त्याला निखिलरावांचं नाव आणि गजर सहा पन्नासचा. हे पोरगी माझ्याकडून शिकली, असं मी बाळूला सांगितलं. तू माझ्याकडून काय शिकलीस मला माहीत नाही, पण सांगितलं.

एकच दुरुस्ती सुचवतो. दुपारी दोन ते पाच तू ठासून भरलेत. फ्लोरिडात जून महिन्यात दुपारी ढग भरून येतात, विजा जवळ आल्या की उघड्यावरच्या सगळ्या राइड बंद करतात, असं तूच मागे म्हणाली होतीस. मग ते तीन तास कशाला भरायचे? हॉटेलवर जा, जेवा, पडा, पोरांना पोहू दे. संध्याकाळी पुन्हा या. उशीर पोटात घेईल एवढी फट वेळापत्रकात ठेवावी लागते. नाहीतर पहिल्या फेरीची वीस मिनिटं शेवटच्या फेरीपर्यंत जातात आणि रात्री त्याचा राग पोरांवर निघतो. तुझा निघेल असं म्हणत नाही. माझा निघायचा.

ईशानला दहा पूर्ण झाली म्हणून त्याचं तिकीट मोठ्यांचं लागलं, याची तू कुरकुर केलीस. आमच्या एसटीत बारापर्यंत हाफ. तुला आठवतंय का, मिरजेच्या गाडीत आत्यानं तुझं हाफ काढलं होतं आणि तू कंडक्टरला म्हणालीस, "मला मागच्या महिन्यात बारा पूर्ण झाली, फुल द्या." आत्या आठ दिवस धुमसत होती. मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण डेपोत जाताना त्या दिवशी माझी छाती दोन इंच पुढे होती.

इंचावरून आठवलं. युनिव्हर्सल पार्कातल्या त्या हल्क राइडला ५४ इंच उंची लागते ना? दिवाळीत ईशानची आपल्या स्वयंपाकघराच्या दारावर खूण केली, ती साडेबावन्नला आहे. तो मला विचारत होता, "आजोबा, जाड सोलचे बूट घातले तर?" मी हसलो, पण तू हसू नकोस. राइडवर अंग धरून ठेवणारी ती अडकवणी त्या मापाच्या अंगासाठी केलेली असते. कमी भरला तर कमी भरला, पुढच्या वर्षी बसेल. आणि तसं झालं, रेवा आत गेली आणि ईशान बाहेर राहिला, तर त्या वेळी त्याच्याजवळ कोण असेल? तक्त्यात त्या रकान्यात काही लिहिलेलं नाही.

बघ. आलाच तो विषय.

नियम तू मला समजावलेस. डिस्नेत सात वर्षांचं मूल एकटं राइडवर बसू शकतं. पार्कात शिरताना चौदाच्या आतल्या मुलांबरोबर चौदा किंवा त्याहून मोठं कुणीतरी लागतं, आत गेल्यावर आईबापांनी ठरवायचं. रेवाला बारा. नियमात बसतं, हे मला कळलं. नियम मीही आयुष्यभर राबवले.

पण आषाढीच्या ड्युटीला मी नऊ वेळा पंढरपूरला गेलो. तात्पुरतं स्टँड, पत्र्याची शेड, हातात माइक. जादा गाड्यांच्या घोषणांपेक्षा हरवलेल्यांच्या घोषणा जास्त. चार वर्षांचं पोर हरवलं की जिथल्या तिथं उभं राहून भोकाड पसरतं. कुणीतरी कडेवर घेऊन येतं, अर्ध्या तासात आई सापडते. म्हातारी माणसं खाली बसून राहतात. अकरा-बारा वर्षांची पोरं मात्र चालत सुटतात. रडायची लाज, विचारायची लाज. आपणच शोधून काढू असं त्यांना वाटतं. आई मागे शोधत असते आणि हे पुढे पुढे जात असतात. एका वर्षी लातूरकडचा एक पोरगा पहाटे चारला सापडला, रिकाम्या गाडीत मागच्या सीटवर झोपलेला. संध्याकाळपासून उभ्या गाड्या एकेक करून चढून बघत आला होता. पायताण कुठेतरी गेलेलं, तळवे चिखलानं वाळून भेगाळलेले. मी हलवून उठवलं तर म्हणाला, "मी शोधत होतो." त्याची आई रात्रभर माझ्या शेडच्या खांबाला धरून उभी होती.

त्यांच्याकडे फोन असेल म्हणशील. पण पार्कातलं सगळं फोनमधल्या अ‍ॅपवरच चालणार, दुपारपर्यंत बॅटरी उतरणार. तुझ्याच यादीत पॉवर बँक दोनदा लिहिलीय.

हे भाषण झालं. माफ कर. दोन पोरं तू परदेशात, ना आई हाताशी ना सासू, नोकरी करून वाढवलीस. ईशानच्या दम्याच्या वेळी तू सहा रात्री खुर्चीत काढल्यास, आणि आम्हाला कळवलंस सगळं निभावल्यावर. तुला सांभाळायचं मी काय शिकवणार?

खरं कारण वेगळं आहे, ते आता लिहून टाकतो.

तक्त्यात मंगळवारी "फेरी ८.१०" वाचून मला एसटीचीच फेरी वाटली. बाळूनं सांगितलं, काका, ती बोट. गाडी लावायची तिथून मॅजिक किंगडमपर्यंत मध्ये तळं आहे, बोटीनं नाहीतर मोनोरेलनं जातात. मी कागद बाजूला ठेवला आणि अंगणात जाऊन बसलो.

१९९४ चा मे. मामाकडून बोरिवलीहून आपण गोराईच्या खाडीतून लाँचनं एस्सेल वर्ल्डला गेलो होतो. तू अकरा वर्षांची, हाच बाळू सहाचा. ही गोष्ट तू सगळ्यांना सांगतेस, रविवारीही सांगितलीस. संध्याकाळी धक्क्यावर चुकामूक झाली, तर तू सरळ आत जाऊन भोंग्यावरून सांगायला लावलंस, "सांगलीहून आलेले एसटीचे कंट्रोलर हरवले आहेत, त्यांची मुलगी वाट बघत आहे." खरी गोष्ट आहे. असं पोर लाखात एक.

पण तुझ्या गोष्टीत ती घोषणा लगेच होते. माझ्या गोष्टीत त्याआधी वीस मिनिटं आहेत. मी तुला "इथेच थांब" म्हणून रांग बघायला गेलो, आलो तर तू नव्हतीस. भरती होती. लाँच लागली होती, माणसं रेटारेटी करत होती. मी गर्दीत शोधलंच नाही अनू. आई बाळूला घेऊन हाका मारत होती आणि मी धक्क्याच्या कडेला उभा राहून पाण्यात बघत होतो. पाणी गढूळ, काळपट. लाँचच्या बाजूला एक पिवळं काहीतरी वरखाली होत होतं. तुझा फ्रॉक पिवळा होता. कुणाची तरी पिशवी होती ती. पिशवी आहे हे कळायला किती वेळ लागला सांगता येणार नाही. मग भोंगा वाजला. मी तुला काहीच बोललो नाही, लाँचमध्ये घट्ट धरून बसलो आणि तू "बाबा, हात दुखतोय" म्हणालीस. तेवढं तुला आठवत असेल.

हे तुझ्या आईलाही माहीत नाही. तिला पत्र वाचून दाखवताना हे वगळणार आहे.

परवा रेवानं मला वेगळा फोन केला होता, तुला बोलली नसेल. म्हणाली, "आजोबा, मला फक्त एक तास हवाय. आईबाबा मागे नसलेला." रडत नव्हती, हट्ट नव्हता. एवढ्या शहाण्या आवाजात मागितलं की माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी अकरा वर्षांचा असताना तासगावच्या बाजाराला एकटा चालत जायचो, बैल विकायच्या दिवशी कमरेला पैसे बांधून. माझ्या बापानं कधी मागे वळून बघितलं नाही. बघत असेलही.

तेव्हा दे तिला तो तास. फक्त एकाच भागात, दुपारच्या आत, बॅटरी भरलेली असताना. तुम्ही बाहेर पडायच्या दारासमोर बाकावर बसा. भाऊ बरोबर असेल तर त्याचा हात सोडायचा नाही, हे तिला तू सांगू नकोस, मी सांगतो, माझं ऐकेल. आणि चुकलीच तर छातीवर नावाची पट्टी असलेला माणूस गाठायचा, दुसऱ्या कुणाला विचारायचं नाही, शोधायला निघायचं नाही. फोन नंबर दोघांच्या दंडावर पेनानं लिही. रेवाला लाज वाटेल. बाहीच्या आत लिही.

मंगळवारी मोनोरेलनं जा. तेवढं माझ्यासाठी कर.

आई मेतकूट आणि दशम्यांचं पीठ देतेय, तिकडे आत खाणं नेऊ देतात म्हणालीस म्हणून. लोणचं मात्र प्लॅस्टिकच्या डब्यात भर, काचेची बरणी दारात अडवतील. तिचा गुडघा तसाच आहे. दादरच्या डॉक्टरांचं काय ते दादाशी बोल, मी सांगितलं की तो चिडतो.

ईशानची उंची सकाळी उठल्या उठल्या मोज, अनवाणी. सकाळी माणूस थोडा जास्त भरतो. आकडा कळव. दारावरची पेन्सिल दोरीला बांधून ठेवली आहे.

तुझा,
बाबा