एकोणचाळीस की बेचाळीस? आधी मनगट मोजा

संपादक महोदय,

महागड्या घड्याळांवर हल्ली पुरवण्यांमधून बरंच छापून येतं, पण आकाराचा विषय निघाला की सल्ला एकच: बारीक मनगटाला ३९ मिलिमीटर, जाड मनगटाला ४२. चार-पाच लाखांच्या आसपासच्या खरेदीला एवढं पुरत नाही.

ट्यूडर या स्विस कंपनीची डायव्हिंगची दोन घड्याळं घ्या. २०१८ मध्ये आलेलं ब्लॅक बे फिफ्टी-एट पोलादी, ३९ मिमी व्यासाचं आणि ११.९ मिमी जाडीचं. पेलागोस टायटॅनियमचं, ४२ मिमी व्यासाचं आणि १४.३ मिमी जाडीचं. पण घड्याळ हातावर मोठं वाटेल की नाही, हे व्यासापेक्षा लगवर ठरतं. लग म्हणजे पट्टा अडकवायची शिंगं; त्यांच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची लांबी पहिल्यात साधारण ४८ मिमी भरते, दुसऱ्यात ५०. म्हणजे व्यासात तीनचा फरक असला तरी लांबीत दोनचाच. खरा त्रास जाडीचा. बटण लावलेल्या बाहीखाली ११.९ मिमी सहज सरकतं, १४.३ मात्र कफाशी अडतं.

दुकानात जाण्याआधी पुठ्ठ्याच्या ४८ आणि ५० मिमीच्या दोन पट्ट्या कापा आणि तळहात खाली ठेवून मनगटावर आडव्या धरा. टोकं मनगटाच्या सपाट भागाबाहेर आली, तर ते घड्याळ विसरा. पट्टा कितीही आवळला तरी ते लोंबतंच. आणि मोबाइल जवळ धरून काढलेल्या फोटोवर भरवसा ठेवू नका, त्यात प्रत्येक घड्याळ परातीएवढं दिसतं. दुकानातल्या आरशात हातभर अंतरावरून बघा.

आता धातू. टायटॅनियमची घनता घन सेंटिमीटरला साडेचार ग्रॅम, पोलादाची आठच्या आसपास. त्यामुळे आकाराने मोठं असूनही पेलागोस उचलल्यावर आत काही नसल्यासारखं वाटतं. काहींना नेमका हाच हलकेपणा खटकतो, पैसे देऊन वजन मिळालं नाही असं वाटतं. त्यात चूक काही नाही. पण ‘टायटॅनियम म्हणजे चरे नाहीत’ हा समज मात्र खोटा. या घड्याळात वापरलेलं ग्रेड २ टायटॅनियम पोलादापेक्षा कठीण नाही, त्यावर करडे ओरखडे लवकर उठतात. पॉलिशवाल्याने ते कापडी चाकावर धरलं, की मूळचा मॅट पोत गेलाच, म्हणून चरे तसेच राहू द्यावेत. ब्लॅक बेच्या चकचकीत तिरप्या कडांना पॉलिश करता येतं, पण दर खेपेला कड थोडी गोल होते.

निकेलची अ‍ॅलर्जी असलेल्यांना टायटॅनियम सुचवलं जातं, कारण घड्याळाच्या पोलादात निकेल असतं. पण इथे एक मेख आहे: ४२ मिमीच्या पेलागोसचं पाठीमागचं झाकण पोलादीच आहे, आणि कातडीला टेकतं तेच.

बेझलकडे, म्हणजे काचेभोवतीच्या फिरत्या कडीकडेही बघा. ब्लॅक बेच्या कडीवरची चकती अ‍ॅल्युमिनियमची; तिच्यावर चरे पडतात, वर्षानुवर्षांच्या उन्हाने रंग उतरतो, पण ती बदलता येते. पेलागोसची सिरॅमिकची आहे, तिला चरा जात नाही. घड्याळ फरशीवर कडेने पडलं तर मात्र ती तडकू शकते.

खोलीचा आकडा बघून निर्णय करू नये. ब्लॅक बे २०० मीटरचं, पेलागोस ५००. हौशी स्कूबाची मर्यादा ४० मीटर मानतात आणि तारकर्लीला पर्यटकांना नेतात ते त्याहूनही फार उथळ पाण्यात. पेलागोसच्या कडेची हेलियमची झडप दाब वाढवलेल्या बंद कक्षात दिवसच्या दिवस राहणाऱ्या व्यावसायिक डायव्हरसाठी आहे. तिथे श्वासाच्या हवेतला हेलियम घड्याळात शिरतो आणि दाब कमी होताना बाहेर पडायला वाट नसेल तर काच उडवू शकतो. आपल्याला तिचा उपयोग शून्य.

पेलागोसचा खरा फायदा बकलमध्ये आहे. मुंबई-कोकणातल्या दमट दुपारी मनगट फुगतं, तेव्हा त्यातली स्प्रिंग आपोआप सैल होते. २०१८ च्या ब्लॅक बेच्या बकलला बाजूने भोकं आहेत. टोकदार काडीने पिन दाबून एकेक भोक सरकवावं लागतं. दुपारी सैल आणि रात्री घट्ट, असा हा रोजचा उद्योग करणार कोण?

रोज ऑफिसला घालायचं असेल तर आमचं मत ब्लॅक बेला. हलकेपणाच हवा असेल, तरी ४२ घ्यावंच लागतं असं नाही: २०२२ पासून पेलागोस ३९ मिमीतही मिळतं, टायटॅनियमचंच, २०० मीटरचं.

कोणतंही घेतलं तरी समुद्रातून आल्यावर चावी आवळलेली असल्याची खात्री करून ते गोड्या पाण्याखाली धरा आणि बेझल पूर्ण फेरी फिरवा. वाळू-मीठ त्याखालीच बसतं, आणि मग तो फिरेनासा होतो. मागचं झाकण कुठेही उघडलं गेलं, तर गॅस्केट (पाणी अडवणारं रबरी कडं) तपासून दाबाची चाचणी केल्याशिवाय ते पाण्यात नेऊ नका. कोपऱ्यावरच्या दुकानात त्या चाचणीचं यंत्र बहुधा नसतं.

— घड्याळांचे काही जाणकार वाचक, ठाणे