आधी फोटो, मग ओळख परेड

महोदय,

सोनसाखळी चोर किंवा कोयता घेऊन फिरणारी पोरं पकडली, की दुसऱ्या दिवशी शहराच्या पानावर ठरलेला फोटो असतो: मध्ये आरोपी, मागे पथक. कधी त्याच वस्तीतून धिंड निघते आणि दुपारपर्यंत तिचा व्हिडिओ सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो. लोकांना बरं वाटतं. शिवाजीनगर न्यायालयात वकिली करणाऱ्या मला मात्र त्यात खटला पोखरलेला दिसतो.

पुढे येरवडा कारागृहात पंचांसमोर ओळख परेड होते, म्हणजे साक्षीदारानं रांगेतून आरोपी ओळखायचा. उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे एका संशयितासाठी त्याच्यासारखी दिसणारी निदान सहा माणसं रांगेत लागतात. ती जमवताना परेड घेणाऱ्या नायब तहसीलदारांची दमछाक होते ती वेगळीच. आणि उलटतपासणीत एकच प्रश्न पुरतो: "आरोपीचा फोटो तुम्ही आधी पाहिला होता ना?" साक्षीदार 'हो' म्हणाला, की ओळखलेला चेहरा दुचाकीवरचा की पेपरातला, हे कोणालाच सांगता येत नाही. त्यामुळे परेड होईपर्यंत पोलिसांनी चेहरा झाकलेलाच फोटो द्यावा, आणि तसा दिला नाही तर आपण तो छापू नये.

फोटोवरून ओळख पटवणं मुळातच बेकायदा, असा समज आहे. तो चुकीचा आहे. जेसिका लाल खटल्यात 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फोटोवरची ओळख आणि परेड या दोन्हींना तपासाच्या मदतीपुरतं स्थान दिलं. खरा पुरावा न्यायालयात शपथेवर पटवलेली ओळख. फरारी घोषित आरोपीची फोटोवरची ओळख परेडइतकीच ग्राह्य मानणारं टाडा या दहशतवादविरोधी कायद्याचं 22वं कलम तर कर्तारसिंग खटल्यात 1994 मध्येच रद्द झालं.

फोटो आधी दाखवला तर काय होतं, हे अमेरिकेतल्या रोनाल्ड कॉटनच्या प्रकरणात दिसलं. 1984 मध्ये नॉर्थ कॅरोलिनात बलात्कार झालेल्या तरुणीनं सहा फोटोंमधून त्याला निवडलं, मग प्रत्यक्ष रांगेतही त्यालाच. ती खोटं बोलत नव्हती. फेरखटल्यात खरा गुन्हेगार तिच्यासमोर आणला, तेव्हा याला मी कधी पाहिलेलंच नाही, असं तिनं सांगितलं. कॉटन सुटला तो 1995 मध्ये, डीएनए चाचणीमुळे. तिथं निदान सहा फोटो होते. आपल्याकडे हवालदार मोबाइल पुढे धरून "हाच का तो?" विचारतो, आणि त्याची नोंद कुठेच नसते.

1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालं. ओळख परेडीबाबत मात्र 54व्या कलमात ही सक्ती साक्षीदार दिव्यांग असेल तेवढ्यापुरतीच आहे. बाकीच्यांना ती का नको, हे मला आजवर उमगलेलं नाही. पण चित्रीकरणाला मनाईही नाही. पुणे पोलिसांनी स्वतःहून ते सुरू करावं: साक्षीदाराला फोटो दाखवताना आणि परेडीतही. फोटो एकटा न दाखवता इतर पाच-सहांत मिसळून दाखवावा, तोही संशयित कोण हे ठाऊक नसलेल्या अंमलदारानं. आणि दाखवलेले सगळे फोटो, साक्षीदारानं नाकारलेले धरून, दोषारोपपत्रासोबत न्यायालयात यावेत.

– एक वकील वाचक, शिवाजीनगर, पुणे